तेवीस नंबरचं बटण

आमच्या वहिनीला अंधाराची भीती नाही, झुरळाची नाही, दातांच्या डॉक्टरची नाही आणि माझ्या जिभेची तर अजिबातच नाही. ती घाबरते फक्त फळ्याला. शाळेत असताना एकदा तिला भागाकारासाठी फळ्यापाशी बोलावलं, तिला तो येईना, आणि बाईंनी तास संपेपर्यंत तिला तशीच खडू हातात देऊन उभी ठेवली. त्या बाई केव्हाच रिटायर झाल्या असतील. वहिनी मात्र अजून त्या फळ्यापाशीच उभी होती. कुठेही काळा फळा दिसला, अगदी हॉटेलाबाहेर चहाचे भाव लिहिलेला का असेना, की ती आपोआप हात पुसायला लागायची.

अशी ही बाई वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला गेली. हौस म्हणून नाही हं, खुर्चीसाठी.

वहिनी खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात काम करते. भरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक सरकत येतात. त्यातली मधूनच एक उचलायची, झाकण पिळून बघायचं, उजेडाकडे धरायची आणि परत ठेवायची. हे सगळं उभ्याने, सकाळपासून पाळी सुटेपर्यंत. घरी आली की पहिल्यांदा ती पाय वर घेऊन बसते आणि टाचा दाबत राहते, मग कुणाशी बोलते. पट्ट्याच्या टोकाला एक खुर्ची आहे, तपासनीसाची. खुर्चीतला माणूसही बाटल्याच बघतो, पण बसून बघतो म्हणून त्याला तपासनीस म्हणतात. तो म्हातारा वर्षभरात निवृत्त होणार होता. तेव्हा साहेबांनी पाटी लावली की जो कोणी संध्याकाळच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा वर्ग पास होईल, त्याचाच त्या जागेसाठी विचार होईल. साहेब नुकतेच कुठलंसं शिबिर करून आले होते, आणि शिबिराहून आलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

"मी नाव घालू का?" वहिनीने जेवताना विचारलं.

आमचा दादा घड्याळं दुरुस्त करतो. त्यामुळे जगात जे काही बारीक आणि किचकट आहे ते आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. तो म्हणाला, "घाल की. पास होशील नाहीतर नापास होशील. अर्धं-अर्धं."

एवढं बोलून त्याने आमटी ओढून घेतली. पुढे वर्षभर संभाव्यता नावाचा जो विषय आम्ही शिकलो, तो दादाच्या मते इथेच संपला होता.

मी दादाची धाकटी बहीण. घरात मला टाचणी म्हणतात. का ते एव्हाना कळलंच असेल. वहिनीला सोबत हवी म्हणून मी तिच्याबरोबर वर्गात गेले, असं आमच्याकडे पाहुण्यांना सांगितलं जातं. खरं कारण असं की मी त्याच विषयात दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा आपटण्यापेक्षा सोबत म्हणून जाणं जास्त अब्रूचं दिसतं.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, लागोपाठ. कॉलेजची ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बाकांवर आधीच्या पिढ्यांनी आपापली प्रेमप्रकरणं कोरून ठेवलेली, एक पंखा चालणारा, एक नुसता बघत बसणारा, आणि समोर भिंतभर फळा. वहिनीने दारातूनच तो बघितला आणि हात पुसले.

सर आले ते डबा वाजवत. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. पहिल्या दिवशीच आम्ही त्यांचं नाव डबासर ठेवलं, आणि ते त्यांना माहीत असूनही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. मला राग यावा असं त्या माणसात फारसं काही नव्हतं, ही माझी मोठीच अडचण झाली. वर्षभर एकच तपकिरी कोट, कोपरांवर चकाकी आलेली, आणि बोलताना डोळे छताकडे, जणू उत्तरं तिथे लिहून ठेवली आहेत.

"हा डबा म्हणजे या वर्गातली एकमेव न्यायी वस्तू," सर म्हणाले. "मीसुद्धा नाही. मी माणूस आहे, मला हुशार पोरं आवडतात. डब्याला कुणीच आवडत नाही."

डब्यात चाळीस बटणं होती. वर्गात आम्ही चाळीस. एका शिंप्याकडून सरांनी ती निवडून आणली होती, रंग वेगवेगळे पण आकार सगळ्यांचा एक, म्हणजे हाताला फरक कळायला नको. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला शाईने आमचे नंबर ते घरी बसून घालणार होते. रोज तासाला तीनदा डबा हलवायचा, डोळे मिटून एक बटण काढायचं, ज्याचा नंबर त्याने फळ्यावर येऊन गणित सोडवायचं, आणि बटण परत डब्यात. या फळ्याला वीस मार्क. त्यात दहा मिळाले नाहीत तर वर्षाच्या पेपरला बसता येणार नाही.

वहिनीचा नंबर तेवीस, माझा चोवीस. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं पांढरी पडली.

"तीनच तर जणांना बोलावतात," मी म्हटलं. "सदतीस जण रोज सुटतात. तू काय एवढी लाडकी लागून गेलीस?"

दुसऱ्या आठवड्यापासून डबा सुरू झाला. पहिल्याच दिवशी मी. दोनदा आपटल्याचा अनुभव पाठीशी असल्याने मी सरासरी काढताना भागायला विसरले आणि आमच्या वर्गाचं सरासरी वय एक हजार सव्वीस वर्षं असल्याचं जाहीर केलं. वहिनी तोंड दाबून हसली. तिचा नंबर आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही, त्या महिन्यात आला नाही.

आमच्या मागच्या बाकावर एक पोरगा बसायचा, त्याला सगळे ज्योतिषी म्हणायचे. तो रोज डबा वाजायच्या आधी भविष्य सांगायचा. "काल चोवीस आला, आज येणार नाही. तेवीस बरेच दिवस राहिलाय, आज नक्की." सरांनी त्याला दहादा सांगितलं असेल, की बाबा रे, बटण परत आत जातं, बटणाला कालचं आठवत नाही. पण ज्योतिष्याचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लागोपाठ दोन दिवस माझंच बटण निघालं तेव्हा तो मला म्हणाला, "तुमचं काहीतरी चुकतंय." चुकत होतं हे खरंच, पण फळ्यावर गेल्यावर.

आणि वहिनी? ती ज्योतिष्याची एकमेव भक्त. आज नक्की, म्हणून ती रोज झाडून सगळी गणितं सोडवून यायची. पुस्तकातली, पुस्तकामागची, सरांनी जाता जाता सांगितलेली. इतर बायका संध्याकाळी मालिका बघतात, ही ओट्याशी उभी राहून प्रमाण विचलन काढायची. भात उकळून ओतू जायचा. एकदा पुस्तकात आलं, की पिशवीत पाच लाल चेंडू आणि तीन पांढरे. मी म्हटलं, पिशवीत चेंडू ठेवतं कोण, आणि ठेवले तर न बघता काढतं कोण? वहिनीने माझ्याशी वाद घातला नाही. तिने दादाचा मोज्यांचा कप्पा उघडला, काळे-तपकिरी सगळे सुटे केले आणि डोळे मिटून जोड्या काढत बसली. त्या आठवड्यात दादा दुकानात एक काळा आणि एक तपकिरी मोजा घालून गेला.

"शिक्षणाने घरं बुडतात ती अशी," दादा म्हणाला. पण तेही रात्री घरी येऊन, कारण गिऱ्हाइकाने सांगेपर्यंत त्याला ते कळलंच नव्हतं.

पुढे तिची भीती थोडी सैल झाली. अर्धं वर्ष गेलं तरी नंबर नाही म्हटल्यावर ती एकदा घरी येताना मला म्हणाली, "टाचणे, मला काय वाटतं सांगू? या बाबतीत माझं नशीब जोरावर आहे बघ."

आता हे कोण बोलतंय ते ध्यानात घ्या. लग्नाच्या दिवशी जिच्या चपला चोरीला गेल्या आणि सापडल्या त्या दुसऱ्याच्या. कारखान्यात जिच्या डोक्यावरचाच पंखा बंद. रांगेत जिचा नंबर आला की खिडकी बंद होते. त्या बाईला बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की कुठेतरी कोणीतरी आपल्या बाजूने आहे. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं, की मीसुद्धा तोंड बंद ठेवलं. हे फार क्वचित होतं.

मग सरांनी तो धडा घेतला. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि छताकडे बघत म्हणाले, "समजा, हे मी दहादा उडवलं आणि दहाही वेळा छापा आला. तुम्ही काय म्हणाल?"

"नशीब," ज्योतिषी म्हणाला.

"गाढव म्हणेल नशीब. शहाणा आधी हिशेब करेल. नाणं सरळ आहे असं धरून चाला. मग सरळ नाण्याकडून असं व्हायची शक्यता किती, ते काढा. ती जर फारच कमी निघाली, तर नशिबाचं कौतुक करू नका. नाणं तपासा."

माझं लक्ष नव्हतं. मी सरांच्या कोटाकडे बघत होते. तपकिरी कोटाला तीन बटणं, दोन तपकिरी आणि मधलं बाटलीसारखं हिरवं. माझ्या मनात आलं, घरात बायको असून माणसाची ही दशा. वहिनीचं मात्र लक्ष होतं. तिने त्या तासाला पुढे काही लिहून घेतलं नाही, नुसती डब्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर तिने टाचा दाबल्या नाहीत, सरळ माझा कॅल्क्युलेटर मागितला. चाळिसातून एक बटण काढायचं, ते आपलं नसायची शक्यता चाळिसात एकोणचाळीस. हे रोज तीनदा. तिने गुणायला सुरुवात केली आणि गुणतच राहिली. उत्तर बघून तिने कॅल्क्युलेटर उलटा करून ठेवला.

"वर्ष संपेपर्यंत एकदाही नंबर न यायची शक्यता," ती म्हणाली, "हजारात एक."

"मग सांग सरांना. नाणं तपासा म्हणावं."

"नको गं."

"अगं नको काय?"

"सांगितलं आणि उद्या खरंच नंबर आला तर? फळ्यापेक्षा हे बरं. दगडापेक्षा वीट मऊ." मग म्हणाली, "आणि असेलही की नशीब. हजारात एक म्हणजे कुणीतरी एक असतंच ना." पण त्या दिवसापासून तिने नशिबाची गोष्ट पुन्हा काढली नाही, आणि मला तिचा हा गप्पपणा आवडेना.

शेवटच्या तासाला सर फळ्याचे मार्क वाचायला लागले. वर्गाने मान खाली घातली. निम्मे लोक तिथल्या तिथे पुढच्या वर्षीचे विद्यार्थी झाले. ज्योतिष्याला सहा मिळाले. ते मात्र त्याला आधी दिसले नव्हते. मला अकरा, नऊ वेळा फळ्यावर केलेल्या करमणुकीचं मानधन.

"तेवीस," सर थांबले. "तुम्ही एकदाही आला नाहीत?"

वहिनीने मान हलवली.

"असं कधी झालं नव्हतं. पण नियम आहे. जो कधीच आला नाही, त्याला वर्गाची सरासरी. म्हणजे आठ."

"आठ म्हणजे..."

"म्हणजे यंदा पेपरला बसता येणार नाही. वाईट वाटतं बाई मला. पण डब्यापुढे माझंही काही चालत नाही. नशिबाचा भाग."

बघा काय न्याय आहे! वर्षभर जिने सगळ्यांपेक्षा जास्त गणितं सोडवली, तिला आम्हा एकोणचाळीस ठोंब्यांच्या अकलेची सरासरी वाटून आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणारच होते, जिभेवर चार-पाच वाक्यं तयारही होती. पण माझ्या आधी वहिनी उठली. ती बाकातून बाहेर पडली, तिने दोनदा हात पुसले आणि आपल्या पायांनी चालत फळ्यापाशी गेली. कोणी बोलावलं नव्हतं. खडू उचलला तर तो मोडला. दुसरा उचलला.

तिने लिहिलं: एकोणचाळीस भागिले चाळीस, त्याचा दोनशे सत्तरावा घात. अक्षर उतरत उतरत फळ्याच्या कोपऱ्यात गेलं होतं.

"सर, डबा सरळ आहे असं मी धरून चालले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी "मोठ्याने" म्हणून ओरडा केला. "नव्वद तास, रोज तीनदा. सरळ डब्याकडून असं व्हायची शक्यता हजारात एक. तुम्ही म्हणाला होतात, अशा वेळी नशिबाचं कौतुक करू नका."

सर छताकडे बघायचे थांबले. बहुतेक पहिल्यांदाच त्यांनी समोर बघितलं. आणि मग, काय सांगू, ते खूश झाले! "वा! उत्तम. पण एक चूक आहे हं. तुमच्यापुरती शक्यता हजारात एक, खरं. पण वर्गात चाळीस जण आहेत. चाळिसातल्या कुणा ना कुणाच्या बाबतीत हे व्हायची शक्यता जवळजवळ शंभरात चार. आणि मी वीस वर्षं हा डबा हलवतोय. वीस वर्षांत एखादा असा निघणारच. तो यंदा निघाला, त्या तुम्ही. यात संशय घेण्यासारखं काही नाही."

कपाळ माझं! माणूस बुडतोय आणि हे त्याला पाण्याची खोली समजावून सांगतायत. वर चूकही काढून दाखवतायत, आणि ती चूक बरोबरही होती. वहिनीने फळ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता ही परत येऊन बसणार.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली. "हिशेबाने दोन्ही होऊ शकतं. आमच्या पट्ट्यावर असं झालं की आम्ही खोकं उघडतो. डबा उलटा करा ना."

सर म्हणाले, "अहो, त्यात काय बघायचंय?" पण त्यांनी डबा उलटा केला. टेबलावर बटणं सांडली, दोन-तीन खाली घरंगळली, ज्योतिषी रांगत जाऊन ती घेऊन आला. सरांनी नंबर लावून ओळ मांडली. एकवीस. बावीस. चोवीस.

पुन्हा शोधलं. डबा आपटून बघितला, टेबलाखाली बघितलं. बटणं एकोणचाळीस.

"पण मी स्वतः चाळीस नंबर घातले होते," सर पुटपुटले. "घरी बसून. टेबलावर पसरली होती, वाळायला. दुसऱ्या दिवशी..." आणि ते थांबले. त्यांचा हात हळूहळू पोटाकडे गेला. मधल्या, बाटलीसारख्या हिरव्या बटणाकडे.

"माझं कोटाचं बटण तुटलं होतं," सर म्हणाले. "ही म्हणाली, घरात सापडलंय एक."

त्यांनी बटण ओढलं. बायकोने शिवलं होतं चांगलं घट्ट. दोन हिसके द्यावे लागले. उलटं केलं. मागच्या बाजूला, थोडी पुसट झालेली शाई: तेवीस.

काखेत कळसा नि गावाला वळसा! वर्ग फुटला. बाक वाजले, कुणी शिट्टी मारली, ज्योतिषी तर रडेपर्यंत हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. वर्षभर वहिनी डब्याकडे बघून धापा टाकत होती, आणि तिचा नंबर रोज सरांच्या पोटावर चढून आम्हाला संभाव्यता शिकवत होता. फक्त दोन माणसं हसत नव्हती, सर आणि वहिनी.

"बाई, मला माफ करा," सर म्हणाले. कोट उघडा पडलेला, हातात लोंबता दोरा. "आता या घडीला फळ्यावर एक गणित सोडवा, मी त्यावर मार्क देतो."

"एक नको," वहिनी म्हणाली. "पावणेसात."

"काय?"

"दोनशे सत्तर भागिले चाळीस. माझं बटण डब्यात असतं तर सरासरीने मी पावणेसात वेळा आले असते. तेवढी माझ्या हक्काची आहेत."

सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडून गणितं दिली, एकेक. पहिल्यात तिने साधी बेरीज चुकवली. दुसरं अर्धं आलं. तिसऱ्यापासून तिचे खांदे खाली आले. चौथं, पाचवं, सहावं ती आमच्याकडे पाठ करून, बाटल्या उचलून ठेवाव्यात तसं सोडवत गेली. सातव्यात तीन पायऱ्या झाल्यावर तिने खडू खाली ठेवला.

"पुढे?" सर म्हणाले.

"पाऊण झालं, सर."

तिला विसात तेरा मिळाले. मी जाम टाळ्या वाजवल्या.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र ती दिव्याच्या खांबाशी थांबली आणि रडायला लागली. मला वाटलं आनंदाने. मी म्हटलं, "अगं वेडे, जिंकलीस तू."

"मला वाटलं होतं, नशीब आहे," ती म्हणाली. "एकदा तरी. आणि ते नशीब नव्हतंच गं टाचणे. मी मुळी डब्यातच नव्हते."

मी तिची पिशवी घेतली आणि आम्ही चालत घरी आलो.

पुढचं थोडक्यात सांगते. पेपर झाला. वहिनी पास झाली. मीही झाले, कशी ते कुणीच तपासून बघितलेलं नाही. कारखान्यातून आणखी तिघे पास झाले, दुसऱ्या पट्ट्यावरचे पुरुष, त्याच कॉलेजातल्या दुसऱ्या तुकडीचे. म्हातारा निवृत्त झाला. खुर्ची एक आणि लायक माणसं चार, म्हटल्यावर साहेबांनी आपल्या शिबिराच्या ज्ञानाला ताण दिला आणि निर्णय जाहीर केला: चिठ्ठ्या टाकू. एक वर्ष संख्याशास्त्र शिकवून माणसांना शेवटी चिठ्ठ्यांवर आणायचं, तर हे वर्षाच्या आधीच करायला काय हरकत होती? पण शिबिरात ते शिकवत नसावेत.

त्या दिवशी काय झालं ते मला वहिनीने नाही, तिच्या शेजारी पट्ट्यावर उभी राहणाऱ्या बाईने सांगितलं. सगळ्यांना जेवणाच्या खोलीत गोळा केलं होतं. साहेबांनी औषधाचं रिकामं खोकं आणलं, हलवलं, आणि हात आत घालणार तेवढ्यात वहिनी पुढे झाली.

"साहेब, आधी खोकं उलटं करा."

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. खोक्यावर नाही."

लोक हसले. साहेबांचं तोंड कडू झालं. पण इतक्या माणसांसमोर नाही म्हणणार कसं? त्यांनी खोकं उलटं केलं. वहिनीने एकेक चिठ्ठी उघडून वाचली आणि परत घडी घालून आत टाकली. चार होत्या. चौथीवर तिचं नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर. मग साहेबांनी खोकं हलवलं आणि एक चिठ्ठी काढली.

ती तिची नव्हती. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी नवा असलेला एक माणूस आता त्या खुर्चीत बसतो. वहिनी अजून उभीच आहे.

मला हे कळलं तेव्हा मी घरात नुसता थयथयाट केला. चिठ्ठ्या, साहेब, शिबिर, संख्याशास्त्र, सगळ्यांचा उद्धार केला. एवढी वर्षभर मेहनत, भात करपवले, पावणेसात गणितं, आणि शेवटी काय? वहिनी पाय वर घेऊन बसली होती. दादाने न सांगता गरम पाण्याची बादली आणून तिच्यासमोर ठेवली. हे त्याने लग्नानंतर पहिल्यांदा केलं असावं, कारण बादली कुठे असते हे त्याने मला विचारलं होतं.

"जाऊ दे," तो तिला म्हणाला. "अर्धं-अर्धंच होतं. नशिबात नव्हतं."

वहिनीने पाय पाण्यात सोडले. चेहरा थकलेला होता, पण रडकुंडीला आलेला नव्हता.

"अर्धं-अर्धं नव्हतं," ती म्हणाली. "चारात एक होतं. आणि त्या चारात मी होते. मी बघितलं."